मुलुंडच्या गॅलरीतली बटरवर्ट

झाडाला पाणी न घालणं हे घालण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे, आणि घरात सासूबाई असतील तर आणखीनच. दिवाळी सरली की माझ्या बटरवर्टच्या कुंड्या कोरड्या पडायला लागतात. मी पडू देते. आई गॅलरीतून जाता-येता म्हणतात, "अगं, घोटभर तरी घाल त्यांना. तहानलेल्याला नाही म्हणू नये." तुळस, मोगरा, कढीपत्ता यांना रोज सकाळी न चुकता तांब्या ओतणाऱ्या बाईला हे पटवणं सोपं नाही. शेवटी मी कुंड्या उचलून बेडरूमच्या खिडकीत नेल्या. डोळ्यांआड गेल्या, वाद मिटला.

कीटकभक्षी वनस्पतींमध्ये बटरवर्ट सगळ्यात सोज्वळ दिसते. घटपर्णीसारखे लोंबते घडे नाहीत, व्हीनस फ्लायट्रॅपसारखा दातेरी जबडा नाही. जमिनीलगत गोल पसरलेली पोपटी पानं, काहींवर गुलाबी झाक, आणि सगळी तूप लावलेल्या पोळीसारखी चकाकणारी. पाहुण्यांना ही झाडं मांस खातात म्हणून सांगितलं तर त्यांना थट्टा वाटते. नाव पिंग्विक्युला. जगात तिच्या शंभरेक जाती आहेत आणि त्यातल्या जवळपास निम्म्या मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या. भारतातही हिमालयाच्या थंड, उंच भागात पिंग्विक्युला अल्पिना सापडते, पण ती मुंबईत आणून जगवायचा विचारही करू नये.

ती चकाकी म्हणजे तिचा सापळा. भिंगातून पाहिलं की पानभर उभ्या असलेल्या सूक्ष्म देठांच्या ग्रंथी दिसतात आणि प्रत्येकीच्या टोकाला चिकाचा एक थेंब. एका संध्याकाळी मी भिंग घेऊन बसलेच होते, तेव्हा कढीपत्त्याच्या कुंडीतून उडालेलं एक चिलट पानाच्या कडेवर टेकलं. पुढचे दोन पाय थेंबांत गेले. त्यानं पंख झाडले तसा एक पंख चिकात आडवा झाला. मग झटके सुरू. प्रत्येक झटक्याला चिकाची तार लांब व्हायची, तुटायची आणि त्या धडपडीत आजूबाजूचे आणखी थेंब अंगाला लागायचे. थोड्या वेळानं सगळं थांबलं. सकाळी पाहिलं तर चिलटाभोवती पातळ रसाचं थारोळं साचलं होतं आणि पानाची कड त्या बाजूला जराशी वर वळली होती. हा रस वेगळ्या ग्रंथींचा. त्यांना देठ नसतो, त्या पानालाच चिकटून असतात आणि शिकार सापडली की पाचक रस सोडतात. पुढच्या काही दिवसांत पानावर नुसतं काळं टरफल राहिलं.

कड वळते हे चार्ल्स डार्विननंही बारकाईनं पाहिलं होतं. १८७५ साली त्यानं कीटकभक्षी वनस्पतींवरचा आपला अभ्यास छापला, त्यात बटरवर्टला स्वतंत्र प्रकरण आहे. पानावर पडलेले परागकणही ती पचवते, हे त्याच्या लक्षात आलं होतं. म्हणजे म्हटलं तर थोडी शाकाहारीसुद्धा! आईंना हे सांगितल्यावर झाडाबद्दलचं त्यांचं मत किंचित सुधारलं. उत्तर युरोपात पूर्वी हिच्या पानांवरून दूध गाळून ते घट्ट विरजायचे, हे मात्र त्यांना अजिबात आवडलं नाही.

आता झोपेकडे येते, कारण खरी गुंतागुंत तिथंच आहे. बटरवर्ट पाळायला घेतली की पहिला सल्ला मिळतो तो असा: हिवाळ्यात तिला झोप लागते, थंडी द्यावी लागते, मुंबईत थंडी नाही, तेव्हा फ्रिजमध्ये ठेव. मलाही कुणीतरी तो दिला होता आणि मी भाजीच्या कप्प्यात जागाही करायला घेतली होती. "फ्रिजात किडे खाणारं झाड? कोथिंबिरीशेजारी?" एवढंच आई म्हणाल्या आणि कप्पा बंद झाला. बरंच झालं, कारण तो सल्ला माझ्या झाडांसाठी नव्हताच. थंड प्रदेशातल्या बटरवर्ट हिवाळ्यात मुळं-पानं टाकून देतात आणि घट्ट मिटलेल्या कळीच्या रूपात बर्फाखाली पडून राहतात. त्यांना खरोखर गारठा लागतो. मेक्सिकन जातींची झोप निराळी. त्यांच्या गावी हिवाळा म्हणजे बर्फ नव्हे, कोरडा काळ. पाऊस थांबतो, हवेतला दमटपणा कमी होतो, दिवस लहान होतात; मग झाड मोठी चिकट पानं टाकून देतं आणि मधोमध बारकी, जाड, रसाळ पानं दाटीनं काढतं. त्या पानांना चीक नसतो, ती शिकार करत नाहीत. साठवलेल्या पाण्यावर झाड महिने काढतं. या दिवसांत ते एखाद्या शोभेच्या निवडुंगाच्या जातकुळीतलंच वाटतं.

हे कळलं आणि मी नकाशा काढून बसले. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर, मेक्सिको सिटीही १९ अंशांच्या जरा वर. तिकडे पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर, आपल्याकडे जून ते सप्टेंबर, कधी ऑक्टोबरचा पहिला आठवडा. दिवसही सारखेच लहान-मोठे होतात: जूनमध्ये सव्वातेरा तासांचा दिवस, डिसेंबरात अकराचा. म्हणजे ज्या पंचांगावर हे झाड वाढलं, ते जवळपास आपलंच पंचांग. मृगाला जागं व्हायचं, दिवाळीनंतर झोपायचं. फरक उंचीचा आहे. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटरवर, आणि या जाती बहुतेक अशाच डोंगराळ भागातल्या; तिथल्या रात्री गार. मुंबईत रात्री गारवा शोधावा लागतो. तेव्हा इथं बटरवर्ट जगवताना थंडीची चिंता करण्यात अर्थ नाही. तिला कोरडं कधी पाडायचं आणि उन्हाळ्याच्या रात्री कशा काढायच्या, हे दोन प्रश्न सुटले की झालं.

हे पंचांग मी आधी कासच्या पठारावर पाहिलं होतं, पण तेव्हा जोडलं नव्हतं. साताऱ्याजवळच्या त्या सड्यावर सप्टेंबरात जांभळीनिळी सीतेची आसवे फुलतात. ती बटरवर्टच्याच कुळातली, लेंटिब्युलॅरिएसीतली. तिचे सापळे जमिनीतल्या ओलीत असतात, सूक्ष्म फुगे, पाण्यातले बारीक जीव आत ओढून घेणारे. तिथंच दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पतीही सापडते, लाल केसांची. जांभ्या खडकावरची चार बोटं माती, तिच्यात ना नत्र ना स्फुरद, म्हणून किड्यांवर गुजराण. पण कासवरच्या या झाडांनी कोरड्या ऋतूवर वेगळा तोडगा काढला आहे. पाऊस ओसरला की बी टाकून ती संपतात. बटरवर्ट संपत नाही, आवरून बसते. मला दुसरी रीत जास्त सोयीची. दरवर्षी बी पेरत बसायला नको.

मातीचं काम एकदाच करायचं असतं. नर्सरीत गेलं की तिथले भाऊ आधी कोकोपीट पुढे करतात. "मॅडम, थोडं शेणखत तरी टाका, नाहीतर झाड उपाशी मरेल." यातलं काहीच नको. खतानं मुळं जळतात. कोकोपीटमध्ये क्षार असतात, ते अनेकदा धुतल्याशिवाय जात नाहीत. मी पर्लाइट, व्हर्मिक्युलाइट (दोन्ही भाजून फुगवलेली हलकी खनिजं) आणि फिशटँकसाठी मिळणारी जाड सिलिका वाळू साधारण सारख्या प्रमाणात घेते. वाळू क्रॉफर्ड मार्केटातल्या फिशटँकवाल्यांकडून आणते. बांधकामाच्या वाळूत गाळ असतो आणि समुद्राच्या वाळूत मीठ. पाणी नितळ निघेपर्यंत धुवायची. पर्लाइट ओलं करूनच हाताळायचं, त्याची धूळ छातीत जाते. कुंडी म्हणून श्रीखंडाचे डबे. मुळं अगदी आखूड, दोन-तीन इंचांच्या पलीकडे जात नाहीत, त्यामुळे खोल कुंडी म्हणजे उगाच ओल साठवणं. गरम सुईनं बुडाला भोकं पाडली की काम झालं.

पाण्याच्या बाबतीत मुंबईकर नशीबवान आहेत, फक्त ते नशीब मे महिन्यात दगा देतं. महापालिकेचं पाणी तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात जलाशयांतून येतं. ते मुळात सह्याद्रीच्या कुशीत साठलेलं पावसाचं पाणी, त्यामुळे क्षार कमी. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा पेनासारखा टीडीएस मीटर बुडवला तर आमच्या नळाला ६०-७० दाखवतो. कीटकभक्षी झाडं पाळणारे ५०च्या आत असावं म्हणतात, पण मेक्सिकन बटरवर्ट त्या मानानं सोशीक. यातल्या कित्येक जाती चुनखडीच्या कड्यांवर वाढणाऱ्या. नळाचं पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून मी बिनदिक्कत वापरते. आरओचं पाणी असेल तर उत्तम, फक्त शुद्ध पाण्याच्या तोटीतलं. फेकायच्या नळीतून येतं त्यात तर सगळे क्षार एकवटलेले. काहीजण गॅरेजमधून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणतात. चालतं, पण मुंबईत त्याची गरज पडू नये.

मे महिन्यात पाणीकपात लागली की सोसायटीत टँकर येतात. तेव्हा त्याच नळाला मीटर ४००च्या वर जातो. एका उन्हाळ्यात श्रीखंडाच्या डब्यांच्या भोकांभोवती पांढरी किनार धरलेली दिसली, तेव्हा मीटर बुडवला आणि कारण समजलं. तेव्हापासून एप्रिल-मेमध्ये मी एसीचं पाणी धरते. बाहेरच्या नळीखाली बादली, रात्रभरात अर्धी भरते. हवेतलाच दमटपणा तो, क्षार जवळपास नाहीत. एसीची सर्व्हिसिंग झाली की मात्र काही दिवस ती बादली फरशी पुसायला, कारण कॉइल धुवायची रसायनं त्यात उतरतात.

मग पाऊस. पहिल्या सरींत वर्षभराची धूळ आणि धूर खाली येतो, त्यामुळे त्या सोडून द्यायच्या. नंतर गच्चीवर उघड्या आकाशाखाली मोठं पातेलं ठेवते. पत्र्यावरून गळणारं नको. सेक्रेटरींची आधी परवानगी घेतली आहे. एवढा पाऊस पडणाऱ्या शहरात पातेलंभर पाण्यासाठी परवानगी मागताना मला हसूच येत होतं. जूनच्या अखेरीस सगळ्या कुंड्या एकदा वरून भरपूर पावसाच्या पाण्यानं धुऊन काढते, म्हणजे उन्हाळ्यात साठलेले क्षार खाली निघून जातात.

पावसाळ्यात झाडं पूर्ण रंगात असतात. पानं रुंद, लांब, थेंबांनी डवरलेली. माझी मोरानेन्सिस, मेक्सिकन बटरवर्टची एक जात, या दिवसांत १२-१५ सेंटिमीटर पसरते. पाणी खालून द्यायचं: ताटलीत अर्धा सेंटिमीटर, ते पूर्ण शोषलं गेलं आणि ताटली एक-दोन दिवस कोरडी राहिली की पुन्हा. सतत भरलेली ताटली नको. याला मुंबईत आणखी एक कारण आहे. पावसाळ्यात महापालिकेच्या कीटकनाशक खात्याचे कर्मचारी घरोघर साचलेलं पाणी तपासत फिरतात, आणि कुंडीखालची ताटली ही त्यांची पहिली जागा. डेंगीचा डास अशाच स्वच्छ, उथळ पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवा डास बाहेर पडतो. आमच्याकडे आलेल्या ताईंनी टॉर्च मारून सगळ्या ताटल्या पाहिल्या, कोरड्या होत्या. मग पानावरचे काळे ठिपके पाहून विचारलं, "हे डास खातं का?" मी म्हटलं, "चिलटं खातं. डास क्वचित, तो जोर लावून सुटतो." त्यांचा रस तिथंच संपला.

पानांवर थेट पाऊस घेऊ नये. जोराच्या सरीनं चीक धुऊन जातो आणि मधल्या कोंबात पाणी साचलं की तो कुजतो. जुलैतली ती कोंदट हवा, जिच्यात आपले चामड्याचे पट्टेही बुरशी धरतात, तिच्यात कुजायला फार वेळ लागत नाही. म्हणून झाडं छज्जाखाली आणि शेजारी एक छोटा टेबलफॅन, झाडांवर रोखलेला नव्हे, भिंतीकडे तोंड केलेला. हवा हलती राहिली की बरंच भागतं. खालची पिकलेली पानं चिमट्यानं काढून टाकायची. मेलेलं पान म्हणजे बुरशीला आमंत्रण. खायला मी वेगळं फारसं देत नाही. केळी पिकायला ठेवली की चिलटं आपोआप येतात. पानांवर बरेच दिवस काहीच अडकलं नाही तर माशांसाठी मिळणारे सुकवलेले ब्लडवर्म बोटांत चुरून चिमूटभर भुरभुरवायचे. जास्त घातलं तर पानावरच सडतं.

सगळ्यात फसवा महिना ऑक्टोबर. पाऊस गेलेला, ऊन तापलेलं, झाड अजून मोठ्या चिकट पानांत. पाणी एकदम तोडलं तर पानं लोळतात. जुलैसारखंच चालू ठेवलं तर पुढच्या महिन्यात कोंब मऊ पडतो. मी आधी ताटली काढते. मग कुंडीच्या कडेनं वरून थोडं थोडं, दोन पाण्यांमधलं अंतर वाढवत न्यायचं. तारीख बघून काही करायचं नाही, मधोमध काय येतंय ते पाहायचं. नवीन पानं आखूड, टोकदार, जाडसर आणि कोरडी यायला लागली की झाडानं स्वतःच ठरवलंय असं समजायचं. बाहेरची मोठी पानं पिवळी पडून कागदासारखी वाळतात. पहिल्यांदा हे पाहणारा माणूस घाबरून पाणी वाढवतो, आणि नेमकं तेच झाडाला भोवतं. डिसेंबरपर्यंत १५ सेंटिमीटरच्या झाडाचा ३-४ सेंटिमीटरचा घट्ट गड्डा होतो.

झोपेत पाणी किती? डबा उचलून पाहायचा. ओलं पर्लाइट हाताला लागतं, कोरडं असेल तर डबा रिकामाच वाटतो. रिकामा वाटल्यावरही मी काही दिवस थांबते. मग बिनसुईची सिरिंज घेऊन डब्याच्या कडेनं, गड्ड्यापासून लांब, थोडंसं पाणी सोडते. भिजवायचं नाही, मुळांना नुसती आठवण करून द्यायची. पानं सुरकुतली तर किंचित जास्त. उजेड मात्र भरपूर हवा, झोप म्हणून अंधारात ढकलायचं नाही. आमची खिडकी पूर्वेची, नऊ-साडेनऊपर्यंतचं कोवळं ऊन येतं, तेवढं पुरतं. जानेवारीत सांताक्रूझचा पारा रात्री १६-१७ अंशांवर उतरतो आणि समुद्रापासून लांब असल्यानं मुलुंडला त्याहून थोडं गारच वाटतं. पूर्वेकडून कोरडा वारा सुटतो, आपले ओठ फुटतात. बटरवर्टला हेच हवं असतं. मुंबईची थंडी म्हणून आपण जिची टर उडवतो, ती हिला बरोबर पुरते.

यात एक योगायोग मला फार सोयीचा वाटतो. आमच्या शेजारच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चालू आहे. हिवाळ्यात हवा पडलेली असते, त्यामुळे सिमेंटची धूळ सगळीकडे बसते. चिकट पानांवर ती बसली तर धुऊनही निघत नाही, चिकाचा लगदा होतो. पण धुळीचा ऋतू आणि झाडाच्या बिनचिकाच्या पानांचा ऋतू एकच. मऊ ब्रशनं झटकलं की काम झालं. अवकाळी पावसाची बातमी आली की कुंड्या खिडकीतून आत घ्यायच्या, एवढंच लक्षात ठेवावं लागतं. पिठ्या ढेकूण लागला तर तोही याच काळात दिसतो, गड्ड्याच्या सांदीत कापसासारखा. टूथपिकनं वेचून ते डबे वेगळे ठेवते. तेलकट औषधं फवारत नाही.

नवी रोपं करायची हीच वेळ, संक्रांत ते शिवरात्र. गड्ड्याचं बाहेरचं एक पान चिमटीत धरायचं आणि ओढण्याऐवजी डावीकडे-उजवीकडे हलवायचं. बुडाशी हलकासा 'टक' जाणवतो आणि पान सुटतं. त्याचं बूड पांढरं आणि अखंड निघायला हवं, रोप त्या पांढऱ्या भागातूनच फुटतं. मध्येच तुटलेलं पान बहुतेक वेळा वाया जातं. मिठाईच्या पारदर्शक डब्यात ओलसर पर्लाइट पसरून त्यावर पानं नुसती आडवी ठेवायची, झाकण लावायचं, उजेडात ठेवायचं पण उन्हात नाही. काही आठवड्यांनी बुडाशी हिरवी पुटकुळी दिसते, मग तिला दोन-तीन कण म्हणावीत अशी पानं. कधी एकाच पानाला दोन रोपं. या पिल्लांना मी पहिला हिवाळा पूर्ण कोरडं पाडत नाही, त्यांच्याकडे साठवलेलं असं काही नसतंच.

होळीच्या सुमारास गड्डा सैल पडतो. मधून येणारं पान आधीच्यापेक्षा लांब असतं आणि सकाळच्या उजेडात त्यावर पहिले थेंब चमकतात. इथून पाणी वाढवायचं, पण ज्या उतरणीनं कमी केलं त्याच चढणीनं. याच काळात मोरानेन्सिसला फूल येतं: उंच बारीक देठावर एकच, गुलाबी-जांभळं, मागे लांब सोंड असलेलं. देठ इतका उंच का, याचं एक कारण असंही देतात की मध न्यायला येणारा कीटक खालच्या चिकट पानांत अडकू नये. फूल बरेच दिवस टिकतं.

मग मुंबईचा खरा अवघड काळ, एप्रिल आणि मे. दिवसा पारा ३५च्या वर जातो, ते ऊन झाड सावलीत सोसतं. पण मेमध्ये रात्रीसुद्धा तो २७च्या आसपासच राहतो, ते त्याला सोसत नाही. वाढ खुंटते, पानं वाकडी येतात. पश्चिमेची खिडकी असेल तर या दिवसांत तिथं झाड ठेवूच नये. आम्ही रात्री एसी लावतो, तेव्हा डब्यांचा ट्रे बेडरूममध्ये कपाटावर. सकाळी पुन्हा गॅलरीत, कबुतरांच्या जाळीच्या आत. "आपण माणसं दमलो तरी चालेल, झाडांना मात्र एसी," हे ऐकून घ्यावं लागतं. मृग लागला, हवा गारावली की झाड आठवड्याभरात सावरतं.

कुणाला आणायचीच असेल तर मोरानेन्सिस, अग्नाटा, जायगँटिया, किंवा 'टीना', 'वेझर' अशा नावांनी मिळणारे संकर घ्यावेत. अग्नाटा आणि जायगँटिया हिवाळ्यात फारसं रूप पालटत नाहीत, पानं थोडी आखूड होतात एवढंच, त्यामुळे पाणी कमी करायचं पण मोरानेन्सिसइतकं कोरडं पाडायचं नाही. एमार्जिनाटा तर झोपतच नाही, ओल्या कड्यांवरची असल्यानं तिला वर्षभर पाणी लागतं. तिची ताटली मी आईंच्या ताब्यात दिली आहे. जिप्सिकोला मात्र मुंबईत नको. जिप्समच्या कड्यांवर वाढणारी, अरुंद टोकदार पानांची, फार देखणी, पण आमच्या मे महिन्याच्या रात्री तिच्यानं निघत नव्हत्या. मी ती कोथरूडला धाकट्या बहिणीकडे पोचवली. पुण्यात जानेवारीत रात्र १०-११ अंशांवर उतरते आणि उन्हाळ्यातही संध्याकाळनंतर हवा गार होते. तिच्या उत्तरेच्या खिडकीत ती गेल्या हिवाळ्यात बोटभर गड्डा होऊन बसली होती. यंदा तिच्याकडून चार-पाच पानं मागवली आहेत, पण रोपं फुटली तरी ती पुण्यालाच परत जातील.